तांब्यातला राखणदार

मिणूला समुद्र हवा होता आणि मिळाली विहीर. तीही कुठली, तर कृष्णेच्या काठी, मिरजेच्या पैलतीरावरच्या एका खेड्यात, जैन शेतकऱ्याच्या मळ्यातली. रुंद तोंडाची, काळ्या दगडात बांधलेली, तळाशी सदा गार. ताऱ्यामागून तारे ओलांडून आलेल्या पोराच्या पदरात कुणी विहीर टाकतं का? मिणू आल्या दिवसापासून फुगून बसलं होतं.

मिणू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव म्हणजे एक रंग होता, आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तर इथे लिहिणार कसा? अंधारात ते मिणमिणायचं, म्हणून आपलं मिणू. अंगाने मोहरीच्या दाण्याएवढं. मुलगा की मुलगी हा प्रश्न त्यांच्याकडे कुणी विचारत नाही, तेव्हा आपणही विचारू नये.

त्यांच्या जगात पाणी नव्हतं की माती नव्हती. नुसता संथ, निळसर उजेड होता, आणि त्या उजेडात ती सगळी एकमेकांना लागून तरंगत असायची. एकटं असणं कसं असतं हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. काम एकच, राखण करायची. जिथे कुठे जिवाने मूळ धरलं असेल तिथे त्यांच्यातल्या कुणीतरी जाऊन बसायचं आणि लक्ष ठेवायचं. थोरांच्या वाट्याला समुद्र, अरण्यं, डोंगर यायचे. शिकाऊ पोरांच्या वाट्याला डबकी आणि विहिरी.

निघताना गुरूने बजावलं होतं की जागा सोडू नकोस, कुणाच्या नजरेला पडू नकोस, आणि काहीही झालं तरी उचल खर्चू नकोस. उचल म्हणजे परतीची ताकद. ती प्रत्येकाला जन्मात एकदाच मिळते आणि पोटात ऊबदार खड्यासारखी बसून असते. तिच्या जोरावर किरणाला धरून वर चढायचं आणि घरी पोहोचायचं. किरण चढताना ती झिजत नाही, पण दुसऱ्या कशाला वापरली की संपली.

"श्रावण लागला की एका दुपारी सूर्य बरोबर विहिरीच्या माथ्यावर येईल," गुरू म्हणाला होता. "माणसांच्या सावल्या पायाखाली दडतील आणि ऊन तळापर्यंत उतरेल. त्या उन्हातून मी येईन. जागेवर असलंस तर सोबत नेईन."

"आणि जागा सुटली तर?" मिणूने विचारलं होतं.

"असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही," गुरू म्हणाला, आणि मिणूची दातखीळ बसली. दात नसतानाही बसली.

तर असं हे पोर विहिरीच्या तळाशी, दगडाच्या एका फटीत राखण करत बसलं. राखायला काय होतं? बेडूक होते, पाणकिडे होते, डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारके जीव होते, आणि एक म्हातारं कासव होतं. मिणूने कासवाशी मैत्री करायची खूप खटपट केली. कासवाने एक डोळा उघडला, पाहिलं, आणि मिटून घेतला. मिणूला घरची इतकी आठवण यायची की कधीकधी त्याचं मिणमिणणंसुद्धा थांबायचं.

रोज सकाळी मात्र वरून एक आवाज यायचा. तो चंदनबालाचा. ती या घरची सून, लग्न होऊन दुसरंच वर्ष. ती घागर ओढायची आणि जाड, दुहेरी घडीच्या गाळण्यातून पाणी हंड्यात गाळायची. इथवर विशेष काही नाही, गाळून पाणी पुष्कळ लोक पितात. गंमत पुढे होती. गाळण्यावर जे काही अडकलं असेल, दिसो न दिसो, ते ती गाळलेल्याच पाण्याने हलक्या हाताने एका पितळी तांब्यात उतरवून घ्यायची. जैन घरांत याला जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीची जिवाणी, त्याच विहिरीत ती परत जायला हवी, आणि तीही वरून भसकन ओतून नव्हे. त्या तांब्याच्या बुडाला एक कडी होती. दोरीने तांब्या अलगद पाण्याला टेकवायचा आणि मग कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढायची. तांब्या तिथल्या तिथे कलायचा आणि आतले जीव न आपटता पाण्यात मिसळून जायचे.

दोरी ओढताना चंदनबाला रोज एकच वाक्य पुटपुटायची. "जावा गं, आपापल्या घरला."

मिणूच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. घर म्हणे! हिला काय ठाऊक घर म्हणजे काय? या गार, काळ्या खड्ड्याला घर म्हणते? पण आवाज गोड होता, हे त्याला कबूल करावं लागायचं. असा आवाज ज्या तोंडातून निघतो ते तोंड कसं असेल, हा विचार त्याला दिवसभर पुरायचा.

आषाढ सरता सरता घरात धांदल उडाली. चंदनबालाच्या सासूबाई, प्रभावतीबाई, यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि मिरजेच्या दवाखान्यात तो काढायचा ठरला. बाईंचा नेम असा कडक की घरच्या विहिरीचं, गाळलेलं, त्याशिवाय दुसऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायचा नाही. मग मिरजेला विहिरीच्या पाण्याच्या घागरी न्यायच्या, तिथे लागेल तसं गाळायचं आणि जिवाणी जपून परत आणायची असं ठरलं. त्या सकाळी घागर खाली उतरली तेव्हा मिणूने विचार केला, आज एकदाच. एकदाच चेहरा बघायचा, आणि गाळून झालं की तांब्यातून लगेच परत. कुणाला कळणारही नाही. ते फटीतून निघालं आणि घागरीत शिरलं.

घागर वर गेली. पण गाळणं काही आलं नाही. आलं ते एक फडकं, ते घागरीच्या तोंडावर घट्ट बांधलं गेलं, आणि मिणूच्या जगात अंधार झाला.

मग नुसतं डुचमळणं. नावेची वल्ही, पाण्याचा लांबचा लांब उसासा, टांग्याच्या घोड्याच्या टापा. मिणूने अंदाज बांधून पाहिला आणि त्याचं धाबं दणाणलं. ते आपल्या जागेपासून नदीपलीकडे आलं होतं, आणि पाण्याबाहेर पडायची त्याला विद्या नव्हती.

दवाखान्याजवळ ओळखीच्या माणसांची पडवी मिळाली होती. तिथे चंदनबालाने घागर सोडली, आणि गाळण्याच्या विणीत अडकलेल्या मिणूला अखेर तिचा चेहरा दिसला. गोल, सावळा, नाकात चमकी, कपाळावर प्रवासाची धूळ. ती गाळण्याकडे बघत होती. तिला तिथे काही दिसत नव्हतं हे मिणूला स्वच्छ कळत होतं, तरी ती अशी बघत होती की जणू प्रत्येकाची विचारपूस करते आहे. मग तिने पाण्याची बारीक धार सोडली आणि मिणू घसरत तांब्यात गेलं.

तांब्यातले दिवस लांबच लांब होते. वर आभाळाचा एक रुपयाएवढा गोल तुकडा, भोवती पितळेचा पिवळा अंधार, आणि विहिरीतले ते बारके जीव त्याच्याभोवती घाबरून गोळा झालेले. मिणू त्यांना सांगायचं, घाबरू नका, मी राखणदार आहे. सांगताना त्याचं त्यालाच हसू यायचं आणि लगेच रडूही यायचं. शेजारच्या गल्लीत तंबोरे बनवणारे कारागीर राहायचे. कुणीतरी नव्या तंबोऱ्याच्या तारा लावत बसायचं, तो सूर भिंतीतून, जमिनीतून तांब्यात यायचा आणि पाणी सबंध थरथरायचं. त्या थरथरीत एकमेकांना लागून तरंगल्यासारखं वाटायचं. मिणूला निळसर उजेड दिसायचा, मग सूर थांबायचा आणि पुन्हा पितळ.

श्रावण लागला. मिणूला अंगातूनच कळत होतं की सूर्य माथ्याकडे सरकतो आहे. उद्या दुपारी तो विहिरीवर येणार होता.

त्या संध्याकाळी चंदनबालाचा नवरा सुकुमार डॉक्टरांना भेटून पडवीत आला. "आईचं बरं हाय," तो म्हणाला. "परवा पट्टी सोडणार हायत. तवर घागरीत पानी हाय. परवा समदीच जाऊ."

"आनि ही जिवाणी?" चंदनबालाने विचारलं. "आवं, तांब्यात किती दीस ऱ्हातील ती? हितं ऊन लागतंय, पानी कोमट झालंय."

"अगं, नदीत सोड की. पानी त्ये पानी."

चंदनबालाने तांब्या जवळ ओढला. सुनेनं काय बोलायचं? पण आतल्या खोलीतल्या खाटेवरून, मोतीबिंदू काढून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या प्रभावतीबाई बोलल्या. "चंदन, तांब्या हाय न्हवं समोर?"

"हाय, आत्याबाई."

"मला दिसत न्हाई, तवा तूच बघ बाई. उद्या जा तू. माझं काय, मी पडून हाय."

मिणूचा जीव टांगणीला लागला होता तो जरासा खाली आला. उद्या दुपारच्या आत ते विहिरीत पोहोचलं तर गुरूला काही कळायचं कारण नव्हतं.

सकाळी ती कृष्णेच्या घाटावर आली तेव्हा नदी तांबडी होऊन वाहत होती. वर साताऱ्याकडे डोंगरात पाऊस लागला होता. गावचा नावाडी ज्ञानू नाव बांधून बसला होता.

"आज न्हाई जमायचं, वैनी," तो म्हणाला. "पानी चढतंय बघा. लाकडं वाहून येत्यात."

"ज्ञानूमामा, ही उद्यापतूर जगायची न्हाईत."

ज्ञानू उठून आला आणि तांब्यात डोकावला. मिणू जीव मुठीत धरून पितळेला चिकटून बसलं. "हितं तर काय बी न्हाई," ज्ञानू म्हणाला.

"असंल. मला बी दिसत न्हाई."

"मग सोडा की हितंच. कृष्णामाई समद्यास्नी पोटात घेती."

"घेती, मामा. पन ही तिची न्हवंत. इहिरीची हायत. परक्या पान्यात मरत्यात म्हनं."

ज्ञानूने डोक्यावरचं मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. कटकट करणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं, पण अशा शांत बाईला नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने दोर सोडला.

नाव अर्ध्यावर गेली तोवर सगळं ठीक होतं. चंदनबाला तांब्या मांडीत घेऊन, तोंडावर तळहात धरून बसली होती. मिणूला तिच्या बोटांच्या फटींतून ढगांचे तुकडे दिसत होते आणि त्यांच्यामागे चढत जाणारा सूर्य. आता थोडंच. घर, निळा उजेड, सगळी लागून लागून.

तेवढ्यात एक अख्खी बाभूळ मुळासकट वाहत आली आणि नावेच्या कुशीत बसली. ज्ञानू ओरडला. नाव एका अंगावर झाली आणि चंदनबाला नदीत गेली.

ती वर आली तेव्हा तिचा उजवा हात पाण्याबाहेर ताठ उभा होता आणि हातात तांब्या होता, तोंड बोटांनी झाकलेलं. बाकी सगळी बाई पाण्याखाली. ज्ञानूने वेळू पुढे केला.

"तांब्या सोडा, वैनी! दोनी हातांनी धरा!"

तिने डाव्या हाताने वेळू धरला. ओढ अशी होती की तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. दोन हात लावले असते तर टिकला असता. एखाद्याला वाटेल काय हा वेडेपणा! मलाही वाटतं. पण तिला मात्र त्या घटकेला एवढंच कळत होतं की आपल्या हातात कुणीतरी आहे आणि हात खाली गेला तर ते सगळे परक्या पाण्यात जातील. लुगडं भिजून जड झालं. डोकं खाली गेलं, मग खांदा, मग कोपर.

तांब्यात मिणूला पाण्याचा गढूळ आवाज वर वर येताना ऐकू येत होता. त्याच्या पोटात तो ऊबदार खडा होता. दुपार जवळ आली होती. त्याने काहीच केलं नसतं तरी चाललं असतं, कारण राखणदाराने हात लावायचा नसतो, नुसतं बघायचं असतं. त्याला घर इतकं हवं होतं की त्याच्या सर्वांगाला कळ लागली. आणि मग त्याला तिची बोटं दिसली. गार पडून निळी झालेली, तरी तांब्याच्या तोंडावरून न हललेली.

मिणूने उचल सोडली.

पोटातला खडा फुटला आणि तांब्या वर निघाला. ताऱ्यांपर्यंत जायची ती ताकद होती, तिला एक बाई उचलणं फार जड गेलं नाही. तांब्या वर निघाला, त्याच्यामागे हात, हातामागे चंदनबाला. ती कंबरेपर्यंत पाण्याबाहेर आली, जणू उंच ओसरीच्या कडीला लोंबकळते आहे, आणि बोटांच्या फटींतून असा उजेड सांडला की तांबडं पाणी घटकाभर निळं दिसलं. तशी ती नावेपाशी गेली. ज्ञानूने दंडाला धरून तिला आत घेतलं. मग उजेड विझला.

ज्ञानू हातातला वेळू विसरून बघत राहिला. "वैनी, तांब्यात दिवा लागला हुता जनू."

चंदनबाला खोकत होती, थरथरत होती. तिने बोटं बाजूला केली आणि आत पाहिलं. "सांडलं न्हाई न्हवं?" तिने विचारलं. "मामा, बघा की जरा, नदीचं पानी तर आत गेलं न्हाई?"

पैलतीराला नाव लागली तशी ती ओल्या लुगड्यानिशी मळ्याकडे निघाली, जवळजवळ पळतच. ढग फाटले होते. विहिरीपाशी ती पोहोचली तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं आणि तिच्या पायाशी सावली नव्हती. तिने कडीला दोरी बांधली. ओल्या बोटांतून गाठ तीनदा सुटली. तांब्या खाली गेला, पाण्याला टेकला.

"जावा गं, आपापल्या घरला," ती दात वाजवत म्हणाली, आणि तिथेच काठावर बसून हमसून हमसून रडली. नदीत ती घाबरली नव्हती, ती आता घाबरली.

मिणू आपल्या फटीत पोहोचलं आणि ऊन तळाला लागलं. सगळी विहीर सोन्यासारखी झाली. त्या उन्हातून गुरू उतरला, किरणाएवढाच लांब आणि किरणाएवढाच शांत.

"जागेवर आहेस," गुरू म्हणाला. "चल."

खोटं बोलणं सोपं होतं, पण उचलीवाचून खोट्याचा उपयोग काय? मिणूने सगळं सांगितलं. चेहरा बघायला जागा सोडली ते, ज्ञानूने उजेड पाहिला ते, आणि नदी. कासवाने दोन्ही डोळे उघडले.

"माझी उचल तुला देता येत नाही," गुरू म्हणाला. "आली असती तर दिली असती."

"ठाऊक आहे," मिणू म्हणालं.

"मग तू परत जागेवर आलंस कसं?"

"तिने आणलं. मी कोण ते तिला माहीत नाही. आत कुणी आहे की नाही हेही तिला दिसत नाही. तरी आणलं."

"तिला हे कुणी शिकवलं?"

"सासूने."

"आणि सासूला?"

"तिच्या सासूने असेल."

ऊन वर सरकायला लागलं होतं. गुरू त्याच्याबरोबर वर निघाला, थोडा गेला, आणि थबकला. "मी समुद्र राखले आहेत," तो म्हणाला. "पण मला कुणी असं हातात धरून घरी आणून सोडलं नाही कधी." मग किरण भिंतीवर चढला, कठड्यापाशी गेला आणि विहीर पुन्हा गार, काळी झाली.

मिणू खूप रडलं. ते रडणं लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आता त्याला कुणी न्यायला येणार नव्हतं. बारके जीव त्याच्याभोवती गोळा झाले, तांब्यात झाले होते तसेच, अगदी लागून. कासव हळूहळू सरकत आलं आणि फटीच्या तोंडाशी बसून राहिलं. त्यांच्यात मिणू कधीतरी झोपी गेलं.

सकाळी वरून घागर उतरली. आज सगळी मिरजेहून परतायची होती, आणि घरच्या पिण्याला पाणी हवं होतं. मिणू घागरीकडे बघत राहिलं. जागा सोडू नकोस असं सांगणारं आता कुणी नव्हतं. ते फटीतून निघालं आणि घागरीत शिरलं.

या वेळी गाळणं लगेच आलं. कापडाच्या विणीतून तिचा चेहरा दिसला, रात्रभर झोप न झालेला, डोळे सुजलेले. तिने पाण्याची बारीक धार सोडली. मग पितळेचा पिवळा अंधार, मग विहिरीचा काळा दगड वर सरकत गेलेला, मग तांब्याचं बूड अलगद पाण्याला टेकलं.

"जावा गं," वरून आवाज आला, "आपापल्या घरला."

तांब्या कलला आणि मिणू घरी गेलं.